खासगी वाहिनीचा पाठ : टर्मिनलवरून व्हीपीएन जोडणे व वापरणे



नारपोलीस मी ज्या गल्लीत राहतो, तेथे यंत्रमागांचा आवाज रात्रीही थांबत नाही. या मागांवर काम करणारी पुष्कळ कुटुंबे उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण अशा दूरच्या मुलुखांतून येतात, काही वर्षे राहतात आणि काम संपले की परत जातात. भिवंडी तालुक्यातील आपल्या शाळांतही अशी मुले असतात. मूल येते तेव्हा त्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक हे सर्व आपल्या हातून संगणकात जाते. २०२२-२३ पासून यू-डायस प्लसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली, तेव्हापासून हे काम अधिकच वाढले आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलीच्या जन्मतारखेत दुरुस्ती करावयाची होती. वडील रेल्वेचे तिकीट काढून शाळेच्या दारात उभे होते. नव्या शाळेत प्रवेश मिळण्यास जुनी नोंद बरोबर असणे अवश्य होते. मी मुख्याध्यापकांच्या मदतीस बसलो. शाळेतील इंटरनेट बंद होते, म्हणून जवळच्या चहाच्या दुकानातील मोफत वाय-फाय घेतले. आणि ते असुरक्षित असते असे ऐकले होते, म्हणून जाहिरातीत पाहिलेले एक मोफत व्हीपीएन ॲपही चालू केले. संकेतस्थळ काही केल्या उघडेना. दोन तास मी नेटवर्कला दोष देत राहिलो. मागाहून कळले की, त्या ॲपचे दुसरे टोक परदेशात होते आणि परदेशातून येणारी जोडणी ते संकेतस्थळ स्वीकारीत नव्हते. कुटुंब दुरुस्तीवाचून गेले. ती पुढे दोन दिवसांनी झाली खरी, परंतु त्या मुलीचे दोन दिवस माझ्या अज्ञानापायी गेले. याहून मनाला लागलेली गोष्ट निराळीच होती. माझ्या समोरची माहिती परदेशातील कोणाच्या संगणकावरून जात होती, हे मला ठाऊक नव्हते, आणि ते विचारावे असेही मला सुचले नव्हते.

प्रस्तुत पाठ त्या चुकीतून निघाला आहे. खासगी वाहिनी विश्वासाची गरज नाहीशी करीत नाही, विश्वासाची जागा बदलते. पूर्वी जो विश्वास चहाच्या दुकानदारावर ठेवावा लागे, तो आता वाहिनीच्या दुसऱ्या टोकास बसलेल्या माणसावर ठेवावा लागतो. म्हणून वाहिनी कशी जोडावी हे शिकण्याआधी ती कोणाच्या दारी उघडते हे विचारावयास शिकले पाहिजे.

१. ज्ञाताकडून अज्ञाताकडे

आपणांस टपालाची रीत परिचित आहे, तिच्यावरूनच आरंभ करू. पोस्टकार्डावरील मजकूर वाटेतील कोणासही वाचता येतो. पाकिटातील मजकूर वाचता येत नाही. मात्र ते कोणास लिहिले हे वरच्या पत्त्यावरून कळते. आणि अशी अनेक पाकिटे एका थैलीत घालून थैलीस मोहोर लावली, म्हणजे वाहून नेणाऱ्यास एवढेच कळते की, थैली अमुक कचेरीस चालली आहे. आतील पाकिटे कोणाकोणाची आहेत हे त्यास दिसत नाही.

संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपी’ या अक्षरांनी सुरू होत असेल, तर तो व्यवहार पोस्टकार्डासारखा आहे. त्यापुढे ‘एस’ असेल, तर तो पाकिटासारखा आहे. व्हीपीएन ही मोहोरबंद थैली होय. आपल्या संगणकापासून दुसऱ्या एका संगणकापर्यंत सर्व मजकूर कुलूपबंद होऊन जातो. त्या दुसऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात आणि आपल्या संगणकावरील कार्यक्रमास क्लायंट म्हणतात. थैली सर्व्हरपाशी उघडते. तेथून पाकिटे आपापल्या वाटेने पुढे जातात, आणि पाकिटांवरील पत्ते तेथील माणसास वाचता येतात. ही शेवटची गोष्ट जाहिरातीत कधी सांगितलेली नसते.

२. दुसरे टोक कोणाचे असावे?

जून २०२२ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. बाहेरच्या कंपन्यांच्या व्हीपीएन सेवा आणि ओळख लपविणाऱ्या सेवा वापरू नयेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. आपण जिल्हा परिषदेचे सेवक असलो तरी त्यामागील तत्त्व आपल्यालाही लागू पडते. सरकारी माहिती अनोळखी टोकाकडे पाठवू नये.

त्याच वर्षी २८ एप्रिल रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांना आपल्या ग्राहकांची नावे, पत्ते इत्यादी नोंदी पाच वर्षे जपून ठेवण्याचा निर्देश दिला. तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. एखादी कचेरी स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी जी व्हीपीएन चालविते, तिला हा नियम लावलेला नाही. व्हीपीएन वापरणे हा आपल्या देशात सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. तथापि ज्या ठिकाणी जिल्हा प्रशासनाने काही काळापुरती बंदी घातली असेल, तेथे तो आदेश पाळला पाहिजे.

यावरून आपल्यापुरता नियम असा ठरतो. शाळेच्या कामासाठी कचेरीने दिलेली वाहिनीच वापरावी. ती नसेल तर चहाच्या दुकानातील वाय-फाय सोडून स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट वापरावा आणि पत्त्यात ‘एस’ असल्याची खात्री करून घ्यावी. अनोळखी मोफत ॲपपेक्षा हा साधा मार्ग पुष्कळ बरा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रही सरकारी कामासाठी व्हीपीएन पुरविते. तिची रीत वेगळी असून ती केंद्राच्या सूचनेप्रमाणेच आचरावी.

३. टर्मिनल कशासाठी?

बटण दाबून चालणारे कार्यक्रम असताना कमांड टंकण्याचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. भागाकार शिकवताना आपण उत्तराबरोबर पायऱ्याही मागतो, कारण चूक कोठे झाली ते पायरीवरून कळते. टर्मिनलचेही तसेच आहे. त्यात जाहिरात नसते, प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर घडते, आणि अडचण आली तर संगणकाने दिलेला संदेश जसाच्या तसा उतरून जाणकारास दाखविता येतो. शिवाय कमांड वहीत लिहून ठेवता येतात, आणि पुढच्या शिक्षकास त्या वहीवरून शिकता येते.

या पाठासाठी वायरगार्ड हा कार्यक्रम निवडला आहे. जेसन डोनेनफेल्ड यांनी तो रचला आणि मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत त्याचा समावेश झाला. त्याची मूळ रचना सुमारे ४००० ओळींची, म्हणजे तपासणाऱ्यास आटोक्यात येईल एवढी आहे. २००१ मध्ये निघालेला ओपनव्हीपीएन हाही भरवशाचा कार्यक्रम आहे. कचेरीने तो दिला असल्यास तोच वापरावा. पीपीटीपी नावाची जुनी पद्धत मात्र दुबळी ठरली आहे, ती वापरू नये.

४. पूर्वतयारी

(अ) उबुंटू किंवा तत्सम लिनक्स असलेला संगणक.
(आ) संगणकाचे घड्याळ बरोबर असणे. याचे कारण पुढे येईल.
(इ) वाहिनी चालविणाऱ्या अधिकाऱ्याकडून मिळावयाच्या चार गोष्टी : सर्व्हरचा पत्ता, सर्व्हरची जाहीर किल्ली, आपल्या संगणकास नेमून दिलेला अंतर्गत पत्ता आणि डीएनएसचा पत्ता.
(ई) एक वही.

सूचना : पुढील कमांड उच्चारानुसार देवनागरीत छापल्या आहेत. टंकताना त्या इंग्रजी लिपीत, छोट्या अक्षरांत टंकाव्यात; अंकही इंग्रजी असावेत. ठिपके, तिरप्या रेघा व बाण जसेच्या तसे ठेवावेत. प्रत्येक कमांडनंतर एंटर दाबावे. ‘सुडो’ने सुरू होणारी कमांड दिल्यावर संगणक पासवर्ड विचारील. तो टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही. त्यामुळे गोंधळून जाऊ नये.

५. कृती

पायरी पहिली : कार्यक्रम बसविणे.

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल वायरगार्ड

पायरी दुसरी : किल्ल्यांची जोडी तयार करणे.

यूमास्क ०७७
डब्ल्यूजी जेनकी > खासगी.की
डब्ल्यूजी पबकी < खासगी.की > जाहीर.की

पहिल्या ओळीमुळे पुढे तयार होणाऱ्या फायली आपल्यावाचून इतरांस वाचता येत नाहीत. दुसरीने खासगी किल्ली आणि तिसरीने तिच्यापासून जाहीर किल्ली तयार होते. प्रत्येक किल्ली ४४ चिन्हांची असून तिच्या शेवटी बरोबरचे चिन्ह असते. ‘कॅट जाहीर.की’ अशी कमांड दिली की जाहीर किल्ली पडद्यावर दिसेल. ती अधिकाऱ्याकडे पाठवावी. जाहीर किल्ली म्हणजे आपल्या कुलपाचा नमुना होय, तो कोणी पाहिला तरी हरकत नाही. खासगी किल्ली मात्र व्हॉट्सॲपवर, ई-मेलने किंवा कागदावर कोणासही देऊ नये, अधिकाऱ्यासही नाही. जो अधिकारी ती मागतो, त्यास ही वाहिनी नीट समजलेली नाही असे जाणावे.

पायरी तिसरी : मांडणीची फाइल लिहिणे.

सुडो नॅनो /ईटीसी/वायरगार्ड/डब्ल्यूजी०.कॉन्फ

ही फाइल दोन भागांची असते. प्रत्येक भागाचे नाव चौकटी कंसात लिहावयाचे असते. पहिला भाग ‘इंटरफेस’, म्हणजे आपले टोक. त्यात तीन ओळी येतात :

‘प्रायव्हेट-की’ = आपली खासगी किल्ली
‘ॲड्रेस’ = नेमून दिलेला पत्ता, उदाहरणार्थ १०.८.०.७/३२
‘डीएनएस’ = अधिकाऱ्याने दिलेला पत्ता

दुसरा भाग ‘पीअर’, म्हणजे पलीकडचे टोक. त्यात चार ओळी येतात :

‘पब्लिक-की’ = सर्व्हरची जाहीर किल्ली
‘एंडपॉइंट’ = सर्व्हरचा पत्ता, मग दुबिंदू, मग ५१८२० (अधिकाऱ्याने दुसरा क्रमांक दिला असल्यास तो)
‘अलाउड-आयपीज’ = वाहिनीतून काय जावे ते
‘पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह’ = २५

या शब्दांची इंग्रजी अक्षरे, जोडचिन्ह न घालता, अधिकाऱ्याने दिलेल्या नमुन्यावरून उतरावीत.

‘अलाउड-आयपीज’ ही ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. तेथे केवळ कचेरीच्या संगणकांचे पत्ते लिहिले, तर कचेरीचे काम वाहिनीतून जाते आणि बाकीचे नेहमीच्या वाटेने जाते. तेथे ०.०.०.०/० असे लिहिले, तर सर्वच व्यवहार वाहिनीतून जातो. परंतु इंटरनेटवर पत्त्यांच्या दोन पद्धती आहेत, आणि हे लिखाण केवळ जुन्या पद्धतीस लागू पडते. नव्या पद्धतीचा व्यवहार वाहिनीबाहेरून निसटू नये म्हणून पुढे स्वल्पविराम देऊन दोन दुबिंदू, तिरपी रेघ व शून्य (::/०) हेही लिहावे लागते. अर्धे दार लावून कुलूप घातल्याचे समाधान मानू नये.

२५ या आकड्याचा अर्थ असा की, दर २५ सेकंदांनी आपला संगणक सर्व्हरला छोटीशी हाक देतो. मोबाइल नेटवर्कवर वाट मोकळी राहण्यास तिचा उपयोग होतो.

फाइल जतन करण्यास कंट्रोल व ओ, मग एंटर, आणि बाहेर पडण्यास कंट्रोल व एक्स दाबावे. मग फाइल इतरांपासून झाकावी, आणि खासगी किल्लीची सुटी प्रत आता नको म्हणून पुसावी :

सुडो सीएचमॉड ६०० /ईटीसी/वायरगार्ड/डब्ल्यूजी०.कॉन्फ
आरएम खासगी.की

पायरी चौथी : वाहिनी उघडणे, पाहणे व बंद करणे.

सुडो डब्ल्यूजी-क्विक अप डब्ल्यूजी०
सुडो डब्ल्यूजी
सुडो डब्ल्यूजी-क्विक डाउन डब्ल्यूजी०

रोजच्या वापरास एवढ्या तीनच कमांड पुरतात.

६. पडताळा

येथे बहुतेकांची एक चूक होते. पहिली कमांड दिली, काही तक्रार आली नाही, म्हणजे वाहिनी जुळली असे ते समजतात. वायरगार्ड मितभाषी आहे. किल्ली चुकीची असली तरी तो तसे सांगत नाही. म्हणून दुसरी कमांड अवश्य द्यावी आणि ‘लेटेस्ट हँडशेक’ ही ओळ शोधावी. त्या ओळीपुढे काही सेकंद किंवा मिनिटे लिहिलेली असली, म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांस ओळखले असे समजावे. ती ओळच नसेल, तर वाहिनी जुळलेली नाही. वर्गात ‘समजले का?’ असे विचारल्यावर मुले ‘हो’ म्हणतात. खरे काय ते फळ्यावरचे उदाहरण सोडवताना कळते. येथेही होकारावर न थांबता पडताळा घ्यावा.

७. अडचणी व उपाय

(१) हँडशेक होत नाही : प्रथम दोन्ही जाहीर किल्ल्या अक्षर न् अक्षर ताडून पाहाव्यात. मग घड्याळ पाहावे. शाळांतील जुन्या संगणकांच्या मदरबोर्डावरील छोटी बॅटरी संपलेली असते आणि वीज गेली की त्यांची तारीख मागे जाते. वायरगार्ड प्रत्येक ओळखीवर वेळेचा शिक्का मारतो, आणि मागील शिक्क्याहून जुना शिक्का सर्व्हर स्वीकारीत नाही. बॅटरी बदलून तारीख बरोबर केली की अडचण दूर होते. चुकलेल्या तारखेमुळे कुलूपबंद संकेतस्थळेही उघडत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

(२) ‘रिझॉल्व्हकॉन्फ’ सापडत नाही असा संदेश येतो : डीएनएसची व्यवस्था लावणारा कार्यक्रम नाही असा त्याचा अर्थ. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल रिझॉल्व्हकॉन्फ’ ही कमांड द्यावी.

(३) हँडशेक होते, लहान पाने उघडतात, परंतु मोठी पाने अर्ध्यावर अडकतात : वाटेत मोठी पुडकी अडतात. इंटरफेस भागात ‘एमटीयू = १२८०’ अशी ओळ घालून पाहावी.

(४) एका जागी चालते, दुसऱ्या जागी चालत नाही : वायरगार्ड यूडीपी नावाच्या पद्धतीने बोलतो आणि काही नेटवर्कांवर ती अडविलेली असते. अशा ठिकाणी मोबाइलचा हॉटस्पॉट घ्यावा. ओपनव्हीपीएन मात्र टीसीपी या दुसऱ्या पद्धतीनेही चालविता येतो.

(५) वाहिनी उघडताच सर्व इंटरनेट बंद पडते : सर्व व्यवहार वाहिनीत घातला असून पलीकडचे टोक उत्तर देत नाही, असा याचा अर्थ. हा दोष नसून संरक्षण आहे, कारण माहिती उघड्या वाटेने जाण्यापेक्षा थांबलेली बरी. घाई असल्यास वाहिनी बंद करून मोबाइलचा हॉटस्पॉट घ्यावा. चहाच्या दुकानाकडे वळू नये.

८. वाहिनीने काय साधत नाही

थैली मजबूत असली तरी आत घातलेले पत्रच चुकीच्या माणसास लिहिलेले असेल तर थैली काय करणार? बनावट संकेतस्थळावर पासवर्ड लिहिला, तर तो वाहिनीतून सुरक्षितपणे चोराच्या हाती पोचतो. वर्गाची यादी आधार क्रमांकांसह शिक्षकांच्या गटावर टाकली, पासवर्ड कागदावर लिहून कपाटास चिकटविला, एकच पासवर्ड चार शिक्षकांनी वापरला, तर वाहिनी असून नसल्यासारखी आहे.

किल्लीच्या बाबतीत तीन नियम पाळावेत. प्रत्येक संगणकास स्वतंत्र किल्ली असावी. शिक्षकाची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला, तर अधिकाऱ्यास कळवून त्याची किल्ली सर्व्हरवरून काढवून घ्यावी. संगणक हरवला, तर त्याच दिवशी कळवावे. रागावतील या भीतीने दोन दिवस लपवू नये.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे आणि बालकांच्या माहितीविषयी विशेष तरतुदी केल्या आहेत. परंतु कायदा नसता तरी आपले कर्तव्य बदलले नसते. मागावर रात्रपाळी करणारा बाप आपल्या मुलीची कागदपत्रे शाळेत आणून देतो, तेव्हा ती कोठे कोठे जातील हे तो विचारीत नाही. मास्तरांच्या हाती दिली, एवढेच त्यास पुरे वाटते. त्या विश्वासास आपण पात्र असले पाहिजे.

९. केंद्रसंमेलनातील पाठ

हा विषय केंद्रातील इतर शिक्षकांस शिकविताना संगणकापासून आरंभ करू नये. एक पोस्टकार्ड, एक पाकीट आणि दोरी बांधलेली कापडी पिशवी घ्यावी. तीन शिक्षकांस ओळीने उभे करून प्रत्येक वस्तू त्यांच्या हातून पुढे न्यावी आणि मधल्या शिक्षकास काय कळले ते विचारावे. शेवटच्या शिक्षकाने सर्वांसमोर पिशवी सोडून पाकिटांवरील पत्ते मोठ्याने वाचावेत. दुसऱ्या टोकाचे महत्त्व या एका कृतीने पटते. त्यानंतर टर्मिनल उघडावे. एकाने कमांड वाचावी, दुसऱ्याने टंकावी, तिसऱ्याने वहीत टिपावी. आणि पाळी बदलत राहावी. ज्यांचे हात टंकण्यास बिचकतात त्यांस प्रथम वाचण्याचे काम द्यावे.

स्वाध्याय

१. पोस्टकार्ड, पाकीट व मोहोरबंद थैली यांच्या साहाय्याने व्हीपीएन समजावून सांगणारे टिपण दहा ओळींत लिहा.
२. खासगी व जाहीर किल्ली यांतील भेद सांगा. कोणती पाठवावी व का?
३. वाहिनी उघडल्याची कमांड तक्रारीवाचून पार पडली, तरी हँडशेक का पाहावे?
४. आपल्या शाळेतील संगणकाची तारीख, मदरबोर्डावरील बॅटरीची स्थिती आणि पासवर्ड किती जणांस ठाऊक आहे याची नोंद करून ती पुढील संमेलनात आणा.
५. आपल्या मोबाइलमध्ये एखादे मोफत व्हीपीएन ॲप आहे काय? त्याचे दुसरे टोक कोणाचे आहे हे आपणांस सांगता येते काय? येत नसल्यास काय करावे ते आपणच ठरवा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर मला ज्या दिवशी देता आले नाही, त्या दिवशी एक मुलगी दुरुस्तीवाचून गाडीत बसली. आपल्यापैकी कोणावर तो प्रसंग येऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.